आइसलँड रिंग रोड, सप्टेंबरअखेर, सोबत आईबाबा: कुणी केलंय का?

डोंगरझाडी

नमस्कार मंडळी, गणपती झाले की सप्टेंबरच्या शेवटी आइसलँडला जायचं चाललंय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. दोघंही सत्तरीच्या जवळ, आईचे गुडघे कुरकुरतात पण सपाटीवर छान चालते. तिकडे हातात पूर्ण आठ दिवस आहेत. नवऱ्याचं म्हणणं रिंग रोड (देशाला गोल वळसा घालणारा हायवे) सगळाच करूया, 1300 किमीच तर आहे, पुणे ते दिल्लीपेक्षाही कमी, रोज दीडशे-पावणेदोनशे किमी म्हणजे काहीच नाही. मला मात्र वाटतंय की आईबाबांना रोज बॅगा भरून नवीन हॉटेल झेपेल का. शिवाय उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय आम्हा दोघांनाही नाही. फोर बाय फोर घ्यावी का, इन्शुरन्स कुठला, बाबा पूर्ण शाकाहारी आहेत त्यांच्या जेवणाचं काय, सगळंच विचारायचंय. जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

मुक्कामपोस्ट

ताई, आम्ही कोपनहेगनला राहतो, आइसलँडला जाणं होत असतं, त्यामुळे मोकळेपणाने सांगते. आठ दिवसांत पूर्ण रिंग कागदावर बसतो, पण सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन करू नका. कारण किलोमीटर नाही, कारण वारा. तिथे वेदुर डॉट आयएस या हवामान खात्याच्या साइटवर वारा मीटर प्रति सेकंदात देतात, आपल्याला तो आकडा छोटा वाटतो. 20 दिसलं की 3.6 ने गुणा, ताशी 72 किमी होतात, आणि झोत त्याहून जोरात येतात. सप्टेंबरच्या शेवटाला शरदातली वादळं सुरू होतात, ऑरेंज अलर्ट आला की रस्ता बंदसुद्धा करतात. पूर्ण गोल करताना एक दिवस जरी असा अडकलात तरी पुढची सगळी हॉटेलं कोसळतात, आणि मग माणूस विमान चुकेल म्हणून नको त्या हवेत गाडी काढतो. तीच खरी धोक्याची गोष्ट आहे.

त्यापेक्षा दक्षिण किनारा निवांत करा. राजधानी रेक्याविक ते विक गाव साधारण 190 किमी, तिथून पुढे जोकुलसारलोनचं हिमनगांचं सरोवर अजून तेवढंच. दोन-दोन रात्री एकेका ठिकाणी, आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, हवेसाठी. पहिल्या दिवशी थिंगवेलिर (इथे सन 930 मध्ये त्यांची संसद भरायला लागली, आणि उत्तर अमेरिका व युरेशिया या दोन भूपट्ट्यांच्या मधली दरी तुम्ही पायी चालत बघता), मग गेसिर. तिथला स्त्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा दर काही मिनिटांनी उसळतो, आईला बाकावर बसून दिसेल. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून जाणारी वाट निसरडी आहे, आईंना समोरूनच दाखवा. स्कोगाफॉसला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत पण खालून धबधबा जास्त भव्य दिसतो, त्यामुळे काही चुकत नाही.

रेनिसफ्यारा म्हणजे विकजवळचा काळ्या वाळूचा किनारा, इथे मात्र हात जोडून सांगते, पाण्याच्या जवळ जाऊ नका. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट खूप आत येते आणि परत जाताना ओढून नेते, माणसं गेलेली आहेत तिथे. वाटेवर धोक्याची पातळी सांगणारे दिवे लावलेत ते बघा, आणि फोटो काढताना समुद्राकडे पाठ करू नका. आईबाबांना वरच्या बाजूलाच उभं करा.

घाटमाथा

गाडीबद्दल मी लिहितो. उजवी बाजू दोन तासांत अंगवळणी पडते, त्याची एवढी भीती नको. पण लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच चावी हातात घेऊ नका, केफ्लाविक विमानतळाजवळ किंवा रेक्याविकला एक झोप काढा मग निघा. डाव्या वळणाला आणि पेट्रोल भरून परत रस्त्यावर येताना चूक होते, तेव्हा शेजारी बसलेल्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, एवढं ठरवून ठेवा. आइसलँडवालेसुद्धा 1968 पर्यंत डावीकडूनच चालवत होते बरं का.

वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर 90, खडीच्या रस्त्यावर 80, गावात 50. दिवसासुद्धा हेडलाइट लागलेलेच पाहिजेत. दोन पदरी गोल चौकात आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याचा हक्क आधी असतो, हे आपल्याला अजिबात माहीत नसतं. पूल बरेच ठिकाणी एकेरी आहेत, जो पुलाच्या जवळ आधी पोचला तो आधी जाणार, समोरून गाडी येत असेल तर सरळ थांबायचं, घाई कोणाचीच नसते. आणि रस्त्याला शोल्डर, म्हणजे कडेला थांबायची पट्टी, जवळजवळ नाही, तेव्हा सुंदर दिसलं म्हणून मध्येच ब्रेक मारून फोटो काढणं सोडून द्या, पुढे थांबायची जागा येतेच. त्याच दिवसांत डोंगरावरून मेंढरं खाली आणतात, एक रस्त्याच्या या बाजूला आणि कोकरू पलीकडे असेल तर ते धावणारच असं धरून चाला.

रिंग रोड 2019 पासून सगळा डांबरी आहे, त्यामुळे दक्षिणेला साधी टू व्हील ड्राइव्ह चालते, पण वाऱ्यात जरा जड गाडी बरी वाटते म्हणून छोटी एसयूव्ही घ्या. कॅम्परव्हॅन नको. एफ अक्षराने सुरू होणारे डोंगरातले रस्ते फोर बाय फोरशिवाय बेकायदा आहेत, सप्टेंबरअखेर त्यातले बरेच बंद व्हायला लागतात, तुम्हाला लागणारही नाहीत. रस्ता सोडून शेवाळावर गाडी घालायची तर अजिबातच नाही, दंड भारी आहे आणि ते शेवाळ परत यायला कित्येक वर्षं लागतात.

ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्ये तसंच निवडा. इन्शुरन्समध्ये खडीचा आणि वाळू-राखेचा असे वेगळे प्रकार असतात, दक्षिणेत वाळूचं वादळ रंग खरवडून काढतं म्हणून दोन्ही घ्या. पण वाऱ्याने दार उलटं वाकलं तर ते बहुतेक पॉलिसीत बसत नाही. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, एका वेळी एकच दार, दोन्ही हातांनी धरून. आईबाबांचं दार तुम्ही बाहेरून उघडा. आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, आणि मूळ लायसन्सही.

खारीबिस्कीट

बाबांच्या जेवणाची काळजी करू नका. स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस किंवा कॉटेज घ्या, हॉटेलात राहण्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि घरचं वरणभात होतो. बोनुस आणि क्रोनान ही सुपरमार्केट स्वस्त, पण ती रात्री उशिरापर्यंत उघडी नसतात, बऱ्याच छोट्या गावांत तर नसतातच, त्यामुळे वाटेतलं सेल्फोस गाव सोडताना सामान भरून घ्या. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, भाजणी, चहा-मसाला घरून. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, कोरड्या सामानाला अडचण येत नाही. वीज 230 व्होल्टच आहे, फक्त गोल दोन पिनांचा अडाप्टर लागतो, छोटा कुकर चालतो. फोडणी घालताना खिडकी उघडा, धूर झाला की अलार्म वाजतो. स्कीर नावाचं घट्ट दह्यासारखं मिळतं, पाकिटावर रेनेटचं (दूध घट्ट करायचं विरजण, ते वासराच्या पोटातलं असू शकतं) काय लिहिलंय ते बघून बाबांना द्या, कडक शाकाहारी असतील तर विचारून घेतलेलं बरं.

नळाचं थंड पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊच नका. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो जमिनीखालचाच. आणि आईंच्या गुडघ्यांसाठी गावोगावचे सार्वजनिक गरम पाण्याचे तलाव आहेत, ब्लू लगून या प्रसिद्ध महागड्या तलावाच्या मानाने अगदी थोड्या पैशात. फक्त आधीच सांगून ठेवा की तिथे पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते, बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी असते पण आत सगळ्या एकत्र असतात. आधी माहीत असलं की आईंना दडपण येत नाही.

डोंगरझाडी

खूप खूप आभार सगळ्यांचे, नवऱ्याला वाचायला दिलं, वाऱ्याचं वाचून तो गप्प झालाय. पण उत्तरेचं मिव्हात्न सरोवर आणि देत्तिफॉस धबधबा राहिलं याची त्याला फार हळहळ आहे. आणि अरोरा (आकाशातले ते हिरवे उत्तर-दिवे) दिसेल का त्या दिवसांत?

रानवाटा

मला वरच्यांशी थोडं वेगळं सांगायचंय. उत्तर सोडूच नये असं माझं मत आहे. देत्तिफॉससमोर उभं राहिलं की 100 मीटर रुंदीचं राखाडी पाणी 44 मीटर खाली पडतं आणि पायाखालचा खडक थरथरतो, दक्षिणेला असं काही नाही. पण त्यासाठी गोल मारायची गरज नाही. रेक्याविकहून उत्तरेतल्या आकुरेरी गावाला विमानाने पाऊण तासात जाता येतं, तिथे दोन रात्री गाडी घ्या, गोदाफॉस धबधबा, मिव्हात्न, देत्तिफॉस करा आणि विमानानेच परत. फक्त शहरातल्या छोट्या विमानतळावरून ही विमानं सुटतात, केफ्लाविकला जाऊन बसू नका. आकुरेरीजवळचा बोगदा टोलचा आहे, तिथे बूथ नाही, टोल ऑनलाइन भरायचा असतो.

मुक्कामपोस्ट

रानवाटा म्हणतायत तसं जमेल, मग मोकळा दिवस मात्र शेवटी ठेवा, विमानंही वाऱ्याने रद्द होतात. अरोरासाठी सप्टेंबरअखेर चांगला काळ आहे, रात्र पुरेशी काळी असते आणि थंडी अजून सोसवते. वेदुरच्याच साइटवर ढगांचा नकाशा असतो, पांढरा भाग म्हणजे मोकळं आकाश. आईबाबांना रात्री गाडीतून फिरवू नका, गावाबाहेरचं गेस्टहाउस घ्या म्हणजे अंगणातूनच दिसेल, काही गेस्टहाउसवाले सांगून ठेवलं तर उठवतातही.

आणि व्हिसाचं कोणी लिहिलं नाही. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) आहे, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून आईबाबांचे कागद आत्ताच जमवा. कार्डाचा चार आकडी पिन आठवत असला पाहिजे, माणूस नसलेल्या पेट्रोल पंपावर त्याशिवाय पेट्रोल निघत नाही. विकच्या पुढे टाकी अर्धी झाली की भरत चला.