बायका गाडी जास्त ठोकतात, हे खरं आहे का?

रानपाखरू:
भावाचं ठाम मत आहे, बायका सावकाश चालवतात पण ठोकतात जास्त. पुरावा काय, तर माझ्या मैत्रिणींच्या गाड्यांवरचे ओरखडे. मला वाद घालायचा नाही, खरं काय ते हवंय. मुलगी आता लायसन्स काढतेय, तिच्यासमोर हे रोज चाललेलं सहन होत नाही.

मैलाचा दगड:
जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं रस्ते अपघातांत जातात. चारांतले जवळपास तीन पुरुष. भावाला एवढं सांगा, पुरे.

आडवळण:
पुरे नाही हो. त्यात पादचारी, दुचाकीवाले, मागे बसलेले सगळे आले. शिवाय पुरुष गाडी चालवतातही जास्त. मोटार विम्याचे दावे तपासण्यात माझी अख्खी नोकरी सरली, म्हणून मी आधी विचारतो: अपघात कसला, आणि किती अंतरामागे?

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंतराच्या हिशेबाने जीवघेण्या अपघातांत पुरुष पुढे निघाले, पण किरकोळ धरून पोलिसांत नोंदलेल्या एकूण अपघातांत बायका. भाऊ म्हणेल, बघा! पण ज्याचं चालवणं थोडं, त्याचं बरंचसं अंतर चौक, वळणं आणि पार्किंगमध्येच जातं. हायवेवर सलग शंभर किलोमीटर जाणाऱ्याच्या वाटेत तेवढे चौक येतच नाहीत. कमी चालवणाऱ्या पुरुषालाही हेच लागू.

फायलीच बघा ना. ‘मागे घेताना खांब लागला’ हे एका ओळीत उरकतं. विशीतल्या मुलाची रात्री उशिराची फाईल मात्र जाडजूड: पंचनामा, ब्रेकच्या खुणांचा नकाशा, हॉस्पिटलची बिलं. वेग, दारू, पट्टा न लावणं. म्हणूनच युरोपात अनेक देशांत तरुण मुलांना मुलींपेक्षा विम्याचा हप्ता जास्त पडायचा. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये हा भेद अमान्य केला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात तो बंद झाला.

रानपाखरू:
पटलं, दादा. म्हणजे मुलीची काळजी नको?

आडवळण:
जीवघेण्या अपघाताची भीती तिच्या वयाच्या मुलांपेक्षा कमी. पण ताई, धडक झालीच तर तिला जास्त लागतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात, तशाच धडकेत पट्टा लावलेल्या महिला चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्के जास्त निघाली. थोडा वाटा बायका लहान गाड्या चालवतात याचा, पण पायाच्या इजांमधला फरक त्यानंतरही उरतो. गाडी मुद्दाम धडकवून बघतात त्या चाचणीत माणसाच्या जागी बसवलेला नेहमीचा पुतळा सुमारे १७५ सेंमी उंचीचा, ७८ किलोचा पुरुष. सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमध्ये दाखवला गेला तो २०२२ मध्ये! याचा मला मनापासून राग येतो.

उंची कमी असली की सीट पार पुढे ओढली जाते. छातीचं मधलं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंमी राहू द्या. जमत नसेल तर सीटची पाठ थोडी मागे कलवा, स्टिअरिंग खाली घ्या.

मैलाचा दगड:
स्टिअरिंग खाली घेतल्यावर मीटर झाकला जात असेल, तर सीटची उंचीही वाढवून बघा. बऱ्याच गाड्यांत सीटच्या बाजूलाच खटका असतो.