पाकिटातलं कमी करायचंय, डोंबिवलीत चांगलं धान्य-भाजी कुठनं आणता?

माहेरवाशीण_८८
नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, माझं माहेर मंगळवेढ्याजवळचं. मुलगी ६ वर्षांची आहे आणि तिच्या डब्यात रोज काहीतरी पाकिटातलंच जातं याचं मला खूप वाईट वाटतंय. परवा मल्टीग्रेन लिहिलेला बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचला, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात ना, तर पहिला मैदा, मग साखर, तेल आणि नाचणी पार शेवटाला. भाकरीचं तर पाकिटातलं पीठ आणते ते थापतानाच फाटतं, म्हणून ती पण बंद झाली. दोघंही नोकरीला, लोकलने घरी यायला साडेसात होतात, ऑरगॅनिक दुकानातले भाव परवडत नाहीत. सुरुवात कुठून करू? धान्य, भाजी, तेल, गूळ कुठनं आणता तुम्ही?

शाळूवाला
ताई, माहेर मंगळवेढ्याचं आहे तर ज्वारीसाठी दुसरीकडे बघूच नका. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येणारं पीक ते, त्याची चव दुकानातल्या ज्वारीला येत नाही. फेब्रुवारी-मार्चला रास झाली की माहेरी सांगा आणि वर्षाची एकदम घ्या. आम्ही तिघं, एक वेळ भाकरी, वर्षाला साधारण क्विंटलभर लागते. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर बिल्डिंगमधली दोन-तीन घरं मिळून मागवा, टेम्पोचं भाडं पण वाटलं जातं. कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून मगच कोठीत भरायची, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला.
आणि भाकरी फाटते ती तुमच्या हातामुळे नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. एका वेळी दोन किलोच दळून आणा, शनिवारी गिरणीत टाकायचं आणि आठ-दहा दिवसांत संपवायचं. तरी फाटली तर थोडं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

काकडं_आणि_शेवळं
भाजीचं मी सांगते, २२ वर्षं डोंबिवलीत आहे. स्टेशनबाहेर सकाळी मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या बायका रानभाज्यांची टोपली घेऊन बसतात, पावसाच्या तोंडावर शेवळं, पहिल्या पावसानंतर टाकळा, कुलूची भाजी म्हणजे फोडशी, मग भारंगी आणि श्रावणाच्या आसपास करटोली. एकीकडनंच घेत जा, ओळख झाली की त्या स्वतःच सांगतात आज काय कोवळं आहे आणि कसं करायचं. माझ्यावाल्या मावशींनी मला अर्ध्या भाज्या शिकवल्या. मुलीला करटोल्याच्या तव्यावर परतलेल्या काचऱ्या द्या, नक्की खाईल. आणि त्यांच्याशी भाव करू नका हो, पहाटेची पहिली गाडी धरून येतात त्या.
स्वतः रानात जाऊन तोडायच्या फंदात मात्र पडू नका, सारखी दिसणारी विषारी पानं असतात.

प्रश्न_विचारा
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त जवळचं म्हणजे चांगलंच असं धरून चालू नका. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला सांडपाण्यावर पालक, माठ पिकवला जायचा, तोही जवळचाच होता की. विकणाऱ्याला विचारायचं भाजी कुठल्या गावची, पाणी कुठलं, खरं पिकवणारा न चिडता सांगतो.
गुळाचं पण तसंच. पिवळाधमक दिसतो तो बहुतेकदा हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं रसायन) टाकून केलेला, पण काळपट आहे म्हणून शुद्ध असंही नाही, साखर घालून पण गूळ करतात. कोल्हापूर-सांगलीकडचं कोणी ओळखीचं असेल तर गुऱ्हाळावरनंच आणायला सांगा, मळी काढायला रानभेंडीचा रस वापरणारी गुऱ्हाळं अजून आहेत.
लाकडी घाण्याचं तेल समोर काढून घ्या. एक किलो तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, हा हिशेब एकदा करा, म्हणजे फार स्वस्त विकणाऱ्याचं तेल का घ्यायचं नाही ते कळेल. महाग आहे हे खरंय, आम्ही फोडणीला आणि चटणीवर तेच वापरतो, तळायला दुसरं.
सगळं एकदम बदलू नका, माझ्या बायकोची त्यात फार दमछाक झाली होती. आधी धान्य, मग भाजी.

माहेरवाशीण_८८
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्रीच भावाला फोन केला, घरची ज्वारी ५० किलो शिल्लक आहे म्हणाला, पुढच्या आठवड्यात गावचा एक जण गाडी घेऊन कल्याणला येतोय त्याच्याबरोबर पाठवतोय. दहा वर्षांत मी कधी मागितलीच नाही, आईला फोनवर रडू आलं.
आज सकाळी शेवळं पण आणली, सोबत मावशींनी काकडं (छोटी आंबट रानफळं) दिली. ती अख्खी टाकायची का?

काकडं_आणि_शेवळं
नाही नाही, ठेचून बी काढा, गर पाण्यात वाटून गाळून ते पाणी भाजीत घाला. त्याशिवाय शेवळांची घशाला येणारी खाज मोडत नाही. शेवळाच्या आतला पिवळा भाग आधी काढून टाका, मग बारीक चिरून तेलावर चांगलं परता, घाई करू नका. सोडे (सुकी कोळंबी) घातलेत तर उत्तमच, नाहीतर वाल.