घर सोडून भाड्याने राहायचंय, डिपॉझिटचं कसं जमवू?

सुगरण_पक्षी
मी २४ वर्षांची, लालबागला चाळीत राहते. खोली दहा बाय सोळा, त्यात आई-बाबा, आजी, दादा आणि मी. फेब्रुवारीत दादाचं लग्न आहे, पोटमाळा रंगवून तयार झालाय, मग मीच म्हटलं मी बाहेर बघते. भांडण वगैरे काही नाही पण आई तेव्हापासून नीट बोलत नाहीये. ऑफिस मरोळला, हातात ३१ हजार येतात. दोन मैत्रिणींसोबत साकीनाक्याला वन बीएचके बघितला, भाडं २७ हजार, डिपॉझिट १ लाख, वर एक महिन्याचं ब्रोकरेज, म्हणजे पहिल्या महिन्याचं भाडं धरून चावी मिळायच्या आधीच माझ्या एकटीच्या वाट्याला ५० हजारांवर जातात. सरकारची काही मदत असते का? आणि एक एजंट म्हणतोय घाटकोपरला हेवी डिपॉझिटवर रूम घे, ५ लाख दे, भाडं शून्य. बाबा पीएफ काढतो म्हणतायत.

विरार_फास्ट
पीएफला हात लावू देऊ नकोस!! हेवी डिपॉझिटमध्ये माझा भाऊ पोळलाय. कागद नुसता नोटरी केलेला, रजिस्टर नाही. सोडायच्या वेळी मालक म्हणतो पुढचा भाडेकरू आला की त्याचे घेऊन तुला देतो, म्हणजे भावाचे पैसे त्याने केव्हाच मुलीच्या लग्नात उडवलेले. सात महिने दर रविवारी चपला झिजवल्या, कधी २० हजार, कधी "आज वाढदिवस आहे, नंतर या". भाडं शून्य वगैरे काही नसतं गं, तू मालकाला बिनव्याजी कर्ज देतेस आणि वर त्याच्याच दारात उभी राहतेस.

कॉट_बेसिस
कमावत्या माणसाला दर महिन्याला भाडं देणारी योजना काही नाही, म्हाडाची लॉटरी आहे ती घर विकत घ्यायची. केंद्राची सखी निवास आहे, नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह. मेट्रो शहरात महिना ५० हजारांपर्यंत पगार चालतो, दोघींच्या खोलीला पगाराच्या १० टक्क्यांच्या वर भाडं घेता येत नाही, जास्तीत जास्त ३ वर्षं राहता येतं. ऐकायला मस्त, पण तुझी गोची अशी की जवळचं कुटुंब त्याच शहरात राहत असेल तर बसत नाहीस. म्हणजे साताऱ्याची मुलगी चालते, लालबागची नाही! तिचं घर आहे ना इथे, दहा बाय सोळाचं. बालगृहातून १८ ला बाहेर पडणाऱ्यांसाठी निदान अनुरक्षण गृह तरी आहे, घरात जागा नाही म्हणून निघालेल्यांचा विचारच कोणी केलेला नाही.
मी दादरला एका काकूंकडे कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही, नुसती एक खाट भाड्याने घेऊन दोन वर्षं काढली, दुधाच्या पिशवीवर स्केचपेनने नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवायचे. पण डिपॉझिट एकाच महिन्याचं होतं. सुरुवातीला सहा महिने तसं राहा, तेवढ्यात पैसे जमतील.

करारवाले_काका
पोरी, काहीही घे पण लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर केल्याशिवाय पैसे देऊ नकोस. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. एजंट पाच-सहा हजार सांगेल, तू हिशोब कर: २७ हजारांवर ११ महिन्यांचा करार धरला तर स्टॅम्प ड्युटी ८०० च्या आसपास आणि रजिस्ट्रेशन १०००. बाकी त्याची हमाली. डिपॉझिट बँकेतूनच दे आणि तो आकडा करारात आलाय का बघ. दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेता येत नाही असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल कायद्यातलं, आपल्याकडे लागू नाही, मालकाशी त्यावरून वाद घालू नकोस.

सुगरण_पक्षी
थँक्यू सगळ्यांना. हेवी डिपॉझिट कॅन्सल, बाबांना सांगितलं. साकीनाक्याचा मालक घासाघीस करून ७५ हजारांवर आलाय, पण म्हणतो करारात एकीचंच नाव टाका, बाकीच्या दोघी पाहुण्या म्हणून राहा. चालेल का?

करारवाले_काका
अजिबात नाही. उद्या जिचं नाव तिचं लग्न ठरलं की बाकी दोघी रस्त्यावर, आणि तुमचं डिपॉझिट तिच्या खात्यात. तिघींची नावं, तिघींचे अंगठे. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते, ती ऑनलाइन होते, त्यातही तिघी हव्यात. ऐकत नसेल तर दुसरं घर बघा.

सुगरण_पक्षी
ओके, तेच सांगते त्याला. तोवर कॉट बेसिसचंही बघून ठेवते. बाय द वे आईने काल जुना तीन लिटरचा कुकर घासून माझ्या पिशवीत ठेवला, बोलली काहीच नाही. शिट्टी लागत नाही त्याची.

विरार_फास्ट
रबर बदल.