इंद्रियदमन हे आत्म्याचे फळ असेल, तर प्रयत्न कोणी करायचा?

प्रश्न (पलासिया, इंदूर)

माझे वडील ८२ वर्षांचे असून त्यांना कमी ऐकू येते. शनिवारी रात्री त्यांनी फाटकाला कुलूप लावले का, हे चौथ्यांदा विचारले, तेव्हा मी हातातला लोटा ओट्यावर इतक्या जोराने आपटला की त्याला पोचा पडला. तो आवाज मात्र त्यांना ऐकू गेला, आणि काहीही न बोलता ते काठी टेकत आपल्या खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी उपासनेत माझे चित्त लागले नाही.

बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौलाने पवित्र आत्म्याच्या फळाची ९ लक्षणे सांगितली आहेत आणि त्यांतले शेवटचे इंद्रियदमन आहे. ते फळ देवाकडूनच यायचे असेल, तर मी स्वतः धडपडणे हा अविश्वास ठरतो का?

पहिले उत्तर

इंद्रियदमन म्हटले की आपल्याला विषयवासना किंवा खाणेपिणे आठवते. मूळ ग्रीक शब्द ‘एन्क्रातेइआ’ याहून व्यापक आहे; त्यात ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता आहे, आणि स्वतःवर सत्ता असणे असा त्याचा भाव आहे. राग त्यात येतोच, कारण त्याच अध्यायात देहाची कर्मे, म्हणजे वाईट कृत्ये, मोजताना पौलाने रागाचेही नाव घेतले आहे.

धडपडीविषयी बायबलमधलेच प्रेषित पेत्राचे दुसरे पत्र पाहावे. पहिल्या अध्यायाच्या ३ऱ्या वचनात तो म्हणतो की जीवनासाठी आवश्यक ते सर्व देवाच्या सामर्थ्याने आपल्याला दिलेले आहे, आणि लगेच ५व्या वचनापासून, त्याच कारणास्तव होईल तितका प्रयत्न करून आपल्या विश्वासात एकेका गुणाची भर घाला, असे सांगताना इंद्रियदमनाचेही नाव घेतो. देणगी मिळाली म्हणूनच कष्ट करायचे आहेत. त्यात अविश्वास नाही.

दुसरे उत्तर

मी सासूबाईंची तीन वर्षे सेवा केली आहे, म्हणून लिहिते. नीतिसूत्रांच्या २५व्या अध्यायात, ज्याचा आपल्या मनावर ताबा नाही त्याला तट पडलेल्या नगराची उपमा दिली आहे. शत्रू दारात आल्यावर तट बांधता येत नाही, हे मला फार उशिरा उमगले. रात्री साडेनऊनंतर माझा धीर सुटतो हे लक्षात आल्यावर मी औषधे, दिवे, कड्या हे सगळे साडेआठलाच, त्यांचा हात धरून, त्यांच्या डोळ्यांदेखत करू लागले. आपणही कुलूप वडिलांसमोर लावून किल्ली त्यांच्याच उशाशी ठेवून पाहावी.

राखेच्या बुधवारपासून (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून) ईस्टरपर्यंत मी सराफ्यातली, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, जिलबी आणि भुट्ट्याचा कीस वर्ज्य करते. इंदूरच्या माणसाला हे सोपे नाही, पण लहानशा गोष्टीत स्वतःला नकार देण्याची सवय मोठ्या प्रसंगी उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. पौलानेही करिंथकरांस याच संदर्भात स्पर्धेतल्या खेळाडूचे उदाहरण दिले आहे. मात्र दिवसभर उपवास करून संध्याकाळी घरच्यांवर खेकसणे माझ्याकडून घडले आहे, आणि त्या वर्षीचा माझा उपवास मी उपवास मानत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना फाटकापर्यंत घेऊन गेलो, कुलूप त्यांनीच लावले आणि किल्ली उशीखाली ठेवली. मग शनिवारबद्दल क्षमा मागितली. त्यांना ऐकू गेले नाही, म्हणून ती तीन वेळा मागावी लागली.