उत्तर: मुलींना क्रॉस कंट्रीत किती वर्षं ठेवायचं?
या चर्चेत एका सरांनी लिहिलंय की क्रॉस कंट्रीत (म्हणजे माळरान, चिखल, चढ-उतारावरच्या धावण्याच्या शर्यतींत) वर्षं घालवण्यापेक्षा मुलींना थेट मॅरेथॉनला उतरवावं. मला हे अजिबात पटत नाही. नॉर्वेची धावपटू ग्रेटे वाइट्झ हिची कारकीर्द बघा. १९७८ ते १९८१ सलग चार वर्षं आणि पुन्हा १९८३ला ती जागतिक क्रॉस कंट्रीची विजेती. त्याआधी ट्रॅकवर ३००० मीटरचा विश्वविक्रम. १९७२ आणि १९७६च्या ऑलिंपिकला ती १५०० मीटर धावली, कारण तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांना त्याहून लांबची शर्यतच नव्हती!

१९७८ला न्यूयॉर्कला ती पहिल्यांदाच मॅरेथॉन धावली आणि २ तास ३२ मिनिटं ३० सेकंदांत जिंकली, त्या वेळची जगातली सर्वोत्तम वेळ. पुढे तीच शर्यत एकूण ९ वेळा जिंकली. हा पाया चिखल-चढावरच्या छोट्या, जोरकस शर्यतींनी घातला होता, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या सोलापुरात यासाठी वेगळं मैदान शोधायला नको. पाऊस उघडला की गावाबाहेरच्या गाडीवाटा, माळरानं उत्तम. ज्वारी निघाल्यावरच्या काळ्या रानात मात्र मुलींना पळवू नका, भेगांत पाय जाऊन घोटा मुरगळतो. मार्चनंतर सराव उजाडतानाच उरकायचा, ऊन कुणाचं ऐकत नाही.

चौदा-पंधराच्या पोरींना ४२ किलोमीटरची घाई कशाला? त्यांना आधी तीन-चार किलोमीटर जीव तोडून पळू द्या.