एसटीच्या प्रवासात सात महिन्यांच्या बाळाला काय भरवू? मदत हवी आहे

नमस्कार तायांनो, पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन नागपूरहून चंद्रपूरला एसटीने जायचंय. ऊन तर तुम्हाला माहीतच आहे! शिजवलेली खिचडी एवढ्या उकाड्यात लवकर खराब होते, म्हणून डब्यात न्यायची नाही हे पक्कं. केळं तिथल्या तिथे कुस्करून देईन, पण सहा महिन्यांनंतर बाळाला लोह वरच्या अन्नातूनही लागतं, नुसत्या केळ्यावर कसं भागवू?

तांदूळ-मूगडाळ भाजून, बारीक दळून कोरडी न्यायचा विचार आहे. थर्मासमधल्या उकळत्या पाण्यात ती नीट शिजते का, की डाळ कच्ची राहून पोट दुखेल? कोणी करून पाहिलंय का? मीठ, साखर, मध वर्षभर द्यायचं नाहीये, त्यामुळे बाजारातली गोड पाकिटं नकोत. वाटी-चमचा बसमध्ये स्वच्छ कसा ठेवता, तेही सांगा.