रिटायर होऊन दोन वर्षं झाली, एसबीपी बंद करू का चालू ठेवू?

फौजी_व्हर्जिनिया
नमस्कार मंडळी. यूएस आर्मीत २० वर्षं काढून रिटायर झालो, पेन्शन सुरू होऊन आता दोन वर्षं उलटली. ग्रॉस २,६०० डॉलर येतात, त्यातून एसबीपीचे (सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन, म्हणजे मी गेल्यावर बायकोला पेन्शनचा काही भाग मिळत राहावा म्हणून) ६.५ टक्के म्हणजे १६९ डॉलर दर महिन्याला कापले जातात. रिटायर होताना फुल कव्हरेज, म्हणजे पूर्ण पेन्शनवर, घेतलं होतं. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मधे एकदाच बाहेर पडायची खिडकी उघडते ती माझी उघडलीय. ओळखीचा एक इन्शुरन्सवाला मागेच लागलाय की हे बंद कर, त्याच पैशात ५ लाख डॉलरची २० वर्षांची टर्म पॉलिसी देतो. मी ४४, बायको ४१, तिची नोकरी पार्टटाइम, मुलं दोन. सासरे भारतीय सैन्यातले रिटायर्ड सुभेदार, ते फोनवर म्हणाले, "आमच्याकडे फॅमिली पेन्शनसाठी दर महिन्याला कापत नाहीत बुवा, तुमच्याकडे बायकोने मागे राहायचे पण पैसे लागतात का?" हसलो, पण तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. कुणी बंद केलंय का?

जुना_नाविक
आधी नियम नीट समजून घ्या, बरेच लोक अर्धवट ऐकून फॉर्म भरून मोकळे होतात. खिडकी म्हणजे पेन्शन सुरू झाल्यापासून २५व्या ते ३६व्या महिन्यापर्यंत, बस. फॉर्म डीडी २६५६-२, तो डीएफएएसकडे (लष्कराचे पगार-पेन्शन बघणारी कचेरी) जातो आणि त्यावर बायकोची लेखी संमती लागते, एकट्याच्या सहीने होत नाही. आजवर भरलेला एक पैसाही परत मिळत नाही. एकदा बाहेर पडलात की परत घेत नाहीत, उद्या विचार बदलला तरी नाही. आणि "फुल नको, अर्धं ठेवतो" हा पर्याय आता संपलाय, बेस अमाउंट (पेन्शनच्या जितक्या रकमेवर कव्हर घेतो ती) कमी करायची असेल तर ती रिटायर होतानाच, तीही बायकोच्या संमतीने. आता एक तर आहे ते ठेवा नाही तर सगळं सोडा.
२०२३ साली ओपन सीझन होता त्यात लोकांना आत-बाहेर करायला मिळालं, पण तसं काँग्रेसच्या मनात येईल तेव्हाच होतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

आकडेमोडे_काका
मी इन्शुरन्स विकत नाही, म्हणून सरळ सांगतो. तुम्ही गेल्यावर वहिनींना पेन्शनच्या ५५ टक्के म्हणजे महिन्याला १,४३० मिळणार, वर्षाचे १७,१६०. तुम्ही ३० वर्षं म्हणजे ३६० हप्ते भरले तर आजच्या आकड्यात होतात ६०,८४०. म्हणजे त्या तुमच्यामागे साडेतीन-पावणेचार वर्षं जगल्या तरी भरलेलं वसूल, त्यापुढचं सगळं वरचं. व्याज धरलं तर हा हिशोब थोडा लांबतो, पण उलटत नाही. ३६० हप्ते आणि वय ७० दोन्ही पूर्ण झालं की हप्ता बंद, कव्हर चालूच. तुमच्या वयाला ते ७२च्या सुमाराला होईल.
दुसरं म्हणजे १६९ हा खरा खर्च नाही. हप्ता टॅक्सच्या आधी कापतात, तुम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमधे असाल तर खिशातून जातात १३२च्या आसपास. इन्शुरन्सवाल्याची तुलना नेहमी १६९शी असते, बघा विचारून.
आणि महागाई. ही रक्कम पेन्शनबरोबर वाढते, २०२२ला ५.९ आणि २०२३ला ८.७ टक्के वाढ झाली ती विधवांच्या चेकलाही लागली. टर्मचे ५ लाख २० वर्षांनंतरही ५ लाखच, आणि तुम्ही ६५व्या वर्षी गेलात तर शून्यच, कारण पॉलिसी ६४ला संपली. तेव्हा वहिनी ६१-६२, खरी गरज तिथून पुढे आहे.

सुमन_टेक्सास
मी दुसऱ्या बाजूने सांगते. आमचे हे एअरफोर्समधून रिटायर होते, अचानक गेले. पहिला धक्का म्हणजे त्या महिन्याची जमा झालेली पूर्ण पेन्शन बँकेतून परत गेली, कारण ज्या दिवशी माणूस जातो त्या दिवशी पेन्शन थांबते, मग जितके दिवस होते तेवढ्याचे पैसे नंतर वेगळे येतात. खात्यातून घराचा हप्ता आणि लाइट बिल आपोआप जाणार होतं, नणंदेने पैसे टाकले म्हणून चेक बाऊन्स झाला नाही. दादा, एसबीपी ठेवा नाही तर नका ठेवू, पण एक-दोन महिन्यांचा खर्च वहिनींच्या एकटीच्या खात्यात ठेवा.
नंतर २६५६-७ फॉर्म आणि डेथ सर्टिफिकेट पाठवलं, एसबीपी सुरू झाली, तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला येते. त्यावर टॅक्स लागतो हे आधी कुणी सांगत नाही. वयाच्या ५५च्या आधी मी पुन्हा लग्न केलं तर थांबेल. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण एकरकमी पैसे हातात आले की त्या दिवसांत किती नातेवाईक "जरा मदत" मागायला येतात ते मी मैत्रिणीच्या घरी बघितलंय, महिन्याचा चेक मागायला कुणी येत नाही.

मराठा_मरीन
सगळे एकाच सुरात म्हणून उलटं लिहितो. आम्ही बंद केलं आणि बरोबर केलं. बायको नर्स, तिची स्वतःची पेन्शन आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठी, घर फेडलेलं. ती आधी गेली तर हप्ता थांबतो पण भरलेलं गेलं ते गेलंच. शिवाय मी व्हीएच्या (माजी सैनिकांचं सरकारी खातं) हिशोबाने १०० टक्के डिसेबल्ड, पुरेशी वर्षं झाली की बायकोला डीआयसी (व्हीएकडून मागे राहिलेल्या बायकोला मिळणारी दरमहा रक्कम) वेगळी मिळते. पूर्वी डीआयसी मिळाली की एसबीपी तेवढी कापायचे, म्हणून जुने लोक "काही उपयोग नाही" म्हणतात, पण ती कपात २०२३पासून पूर्ण गेली, तेव्हा ते कारण सांगून कुणी बंद करायला लावत असेल तर ऐकू नका. माझं कारण वेगळं आहे. तुमच्याकडे बायको तरुण आणि पार्टटाइम, मी तुमच्या जागी असतो तर हात लावला नसता.
आणि हो, एसबीपी सोडली तर बायकोचं ट्रायकेअर (लष्कराचा आरोग्य विमा) जातं असं लोक छातीठोक सांगतात, तसं नाहीये, ते रिटायरीची विधवा म्हणून मिळतं, तिने पुन्हा लग्न केलं नाही तोवर.

फौजी_व्हर्जिनिया
बापरे, एवढं तर रिटायरमेंटच्या क्लासमधे पण कळलं नव्हतं. बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली सही मागायला येऊ नकोस. इन्शुरन्सवाल्याला टॅक्सचा प्रश्न विचारला तर "तो विषय वेगळा" म्हणाला. टर्म मुलांच्या कॉलेजपुरती छोटी घेऊ, एसबीपीला धक्का न लावता. एकच राहिलं, मुलांचं पण कव्हर घेतलंय, त्यांना कधी मिळतं?

जुना_नाविक
वहिनी नसतील किंवा ५५च्या आधी लग्न केलं तरच, मुलांना समान वाटून, १८पर्यंत, फुलटाइम शिकत असतील तर २२. त्याचा हप्ता किरकोळ असतो, राहू द्या.